जाणारं आणि येणारं

"तिचं चित्र अडकून राह्यलं रे वसंता," कडूबा दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले. "जागी हाये का झोपली, कायबी कळंना."

प्रितमने मान वर केली. वसंता हे त्याच्या वडिलांचं नाव. तोंडावळा तोच असल्यानं त्याला त्याचं काही वाटलं नाही. वाटूर फाट्यावरच्या या दुकानातून तो दीडशे घरांना इंटरनेट पुरवायचा.

"आजीची तब्येत कशीये, बाबा?"

"वर्ष झालं, बाजेवरच हाये. माझं ध्यान सगळं तिच्यात."

कडूबा दिवसभर मोसंबीच्या बागेत असत. त्यांच्या पत्नी दैवशालाबाईंच्या उशाशी एक मोबाईल, दुसरा कडूबांच्या गळ्यात. सकाळी लागलेला व्हिडिओ कॉल संध्याकाळीच बंद व्हायचा.

ते गेल्यावर प्रितम राउटरच्या सेटिंगपुढं बराच वेळ बसून राहिला. लाईन एकच, एकाला वाढवून द्यायचं तर दुसऱ्याचं कापावं लागे. कोणाचं कापायचं? गावातल्या आकांक्षाचा ऑनलाईन क्लास असतो, शाळेत मास्तरांचं ट्रेनिंग चालू. कोणाच्या ताटातलं काढायला त्याचं मन होईना. मग त्याला सुचलं. कडूबांच्या घरातून बाहेर जाणारं नेट वाढवायचं आणि त्याच घरात येणारं कापायचं. पडून असलेल्या बाईला येणारं कशाला लागतंय?

दुसऱ्या दिवशी कडूबा हसत आले. "आता बराबर दिसती." ते पायऱ्या उतरले, थबकले आणि वळून पुन्हा म्हणाले, "आता बराबर दिसती रे."

प्रितमला दिवसभर बरं वाटत राहिलं. कोणाचं काही न काढता एकाचं भलं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो कडूबांच्या शेजारच्या घरी तार ओढायला गेला, तेव्हा त्यानं त्यांचंही दार वाजवलं. दार उघडलं ते दैवशालाबाईंनी. ताठ उभ्या, पदर खोचलेला. हातातल्या मोबाईलमध्ये त्या मोठ्यानं सांगत होत्या, "जागचे हलू नका. तिथंच बसा."

प्रितमला पाहताच म्हणाल्या, "तूच लाईनवाला ना? परवापासून ह्यांच्याकडचं काही दिसून न्हाई राह्यलं. जल्दी बघ!"

प्रितमनं आपल्या मोबाईलवर सेटिंग उघडली आणि येणारं मोकळं केलं. चित्र हललं. मोसंबीची झाडं कुठंच नव्हती. डांबरी रस्ता होता, बाजूनं ट्रक धडधडत गेला.

"मागं फिरा," दैवशालाबाई म्हणाल्या. "हां. आता त्या लिंबापासून आत वळा. सावकाश या."

रस्ता मागं पडला, पायवाट आली. त्यांनी श्वास सोडला.

"आजी," प्रितम चाचरला, "बाबा तर सांगत होते, तुम्ही अंथरुणाला..."

मोबाईलवरची नजर न काढता त्यांनी त्याच्या माईकवर पदराचं टोक दाबून धरलं आणि हळूच म्हणाल्या, "ह्यांच्या डोक्यातून घराची वाट गेली, लेकरांची नावं गेली. मी आजारी हाये, एवढंच ह्यांच्या ध्यानात राहतं, बाळा."