तक्त्यातली शेवटची ओळ

“तू विद्यापीठात हेच शिकवतोस ना? मग सांग, मुलगी होते ती कुणामुळे?”

प्रभावतीबाईंनी लेकाला दारातच गाठलं. एका हातात त्याच्यासाठी ग्वाल्हेरहून सांगून आलेल्या एका मुलीची पत्रिका. दुसऱ्या हाताने त्या गळ्यातला सवतीचा टाक चाचपत होत्या. त्यांची सवत कालिंदी. लागोपाठ तीन मुली झाल्या म्हणून तिच्या उरावर प्रभावतीबाईंना या घरात आणलं, आणि वर्षाच्या आत ती पंचगंगेवर पाय घसरून गेली. मेलेल्या सवतीचा कोप नको, म्हणून तिच्या नावाचा तो चांदीचा टाक पस्तीस वर्षं गळ्यात होता.

जमिनीवर पसरलेल्या तक्त्यावर शरदिनीचा कुंचला थांबला. नवऱ्याच्या वर्गासाठी तक्ते तीच काढायची, अक्षर सुरेख म्हणून. वरच्या ओळीत पक्ष्यांची गुणसूत्रं, मधे टोळाची, सगळ्यांत खाली माणसाची. तिलाही तीन मुलीच, धाकटी चार महिन्यांची. अहो, एक वाक्य बोला, तिने मनात हात जोडले. त्या एका वाक्यावर तिचा संसार टांगलेला होता.

रत्नाकरने आईकडे पाहिलं, पत्रिकेकडे पाहिलं. मग वाकून वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

“पक्ष्यांत मादीमुळे ठरतं, आई.”

एवढं बोलून चपला सरकवल्या आणि गेला. खोटं बोलला असता तर एक वेळ चाललं असतं. पण या शहाण्याने खरं तेच सांगितलं, सोयीपुरतं!

“ऐकलंस? शास्त्रच बोललं. बस्स, फैसला झाला. उद्या गुरुजींना मुहूर्त विचारते.”

शरदिनी उठली. अकरा वर्षं गिळलेला आवाज एकदाचा बाहेर आला.

“आपण काय पाखरं आहोत, सासूबाई? शेवटची ओळ ऐका. माणसांत बाईचं बीज दर वेळी सारखंच असतं. मुलगा की मुलगी, ते पुरुषाच्या बीजावर ठरतं. तुमच्या लेकानेच लिहून दिलंय.”

तिने रत्नाकरच्या हातचा कागद पुढे केला. प्रभावतीबाईंनी लेकाचं अक्षर ओळखलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. पत्रिका हातातून सुटून ओल्या शाईवर पडली, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. टाक मुठीत घट्ट आवळून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

“मग हिला का गं मारलं आम्ही?”