वाळवलेली माती

"या मातीतला पारा जागचा हलणार नाही, मी लिहून देतो!" डॉ. बिवलकरांनी पारा कुठं झिरपेल ते दाखवणाऱ्या, पडद्यावरच्या मॉडेलकडे असं पाहिलं, जणू पोरगं बोर्डात आलं होतं. थर्मामीटरच्या बंद कारखान्याच्या जागेवर वसाहत होणार होती. फक्त त्यांचा अहवाल मंजूर व्हायचा होता.

तपासणीला आलेल्या पेंढरकरबाईंनी विचारलं, "नमुने वाळवले कसे?"

"ओव्हनमध्ये, रात्रभर. अगदी खडखडीत!"

"धन्य आहात! अहो, उष्णतेनं पारा उडतो. उरलेल्या फुफाट्यावर मॉडेल रचलंत."

"उडाला तर उडाला," बिवलकर फणकारले. "आमच्या ओव्हनमध्येच गेला ना, कुणाच्या पोटात नाही!"

तेवढ्यात शिपाई रोजच्यासारखा त्याच ओव्हनमध्ये तापवलेला डबा घेऊन आला. "गरम आहे तोवर जेवा, सर."

बिवलकरांनी डबा दूर सारला. "आज उपास आहे माझा," ते पुटपुटले.

बाईंनी अहवालावर फुली मारली.