अकलोलीचं गरम पाणी

"देवीच्या दारापर्यंत यायचं आणि कुंडावर पाय शेकत बसायचं! चार पुस्तकं वाचून मोठे भावोजी पार नास्तिक झालेत," चपला काढता काढता भाग्यश्री सासूबाईंच्या कानाशी पुटपुटली.

"गुडघे दुखतात त्याचे. पायऱ्या न्हाय झेपत," सासूबाई दरवर्षीचंच बोलल्या.

भाग्यश्रीचा चिंतू डेंग्यूतून उठला, तेव्हापासून सगळं घर नवसाचं म्हणून दरवर्षी भिवंडीहून वज्रेश्वरीला येतं. गाडी तिचा मोठा दीर दिनेशच चालवतो. सगळ्यांना देवळाशी उतरवतो आणि दर्शन होईपर्यंत अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसतो. कुणी छेडलंच तर म्हणतो, "देव आहे की नाही, मला ठाऊक नाही. पाणी गरम आहे, एवढं खरं."

दर्शन झालं तशी सगळी कुंडावर आली. भाग्यश्रीने दिनेशपुढे प्रसाद धरला. "घ्या भावोजी. सासूबाईंनी एक नारळ ठेवला आणि देवीनं माझं पोरगं परत दिलं. आता तरी माना."

दिनेशने प्रसाद घेतला, त्यातला पेढा चिंतूच्या हातावर ठेवला आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसला.

सासूबाई दमून पायरीवर टेकल्या.

 

"पुरे कर गं आता. गुडघे धडधाकट हायत त्याचे. तो नारळ ठेवताना मी दोन्ही पोरांची नावं घेतली होती. तुझा चिंतू दवाखान्यातून घरी आला, त्याची मनाली न्हाय आली."