बरणीतलं अंडं

चौऱ्याहत्तर साल, होटगीजवळच्या वाडीतली शाळा. दुसरीच्या वर्गात गोजरबाईंनी प्रयोगासाठी लोणच्याच्या बरणीत पाणी भरलं, शेजारी मिठाचा डबा ठेवला. केराने ओच्यातून आणलेलं अंडं त्यात सोडलं. अंडं तळाला बसलं. तेवढ्यात मोठे गुरुजी दारात उभे. "सरस्वतीच्या फोटोखाली अंडं? बटाटा मिळाला नाही?" केराची मान खाली गेली. वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या घरचं काही शाळेने मागितलं होतं. गोजरबाई म्हणाल्या, "बटाटा कुणाच्याही घरी मिळेल, गुरुजी. हे केराच्या कोंबडीचं आहे." "आत्ताच्या आत्ता वर काढा ते! नाहीतर तालुक्याला कळवतो." तालुक्याला कळवणं म्हणजे बदली. गोजरबाईंची ही चौथी शाळा. त्यांनी मिठाचा डबा केरापुढे सरकवला. "ऐकलंस ना गं? काढ वर." केरा मूठमूठ मीठ टाकत ढवळत राहिली. अंडं हललं, उठलं, तरंगलं. तिने मान वर केली. "काढलं की, गुरुजी. हात बी न्हाय लावला!"