बाहेरून लावलेला फोन

लोटूचा सकाळपासूनचा हा सहावा फोन होता. बायको कारखान्यात अडकलीय, दार उघडा, एवढंच तो सांगत होता. आणि कविता दर वेळी त्याला तोच नियम ऐकवत होती.

कविताची कंपनी सुरतच्या कारखान्यांत छोटी टेलिफोन एक्स्चेंज बसवून द्यायची. मालक परगावी असला तरी त्यानं बाहेरून कारखान्याचा नंबर फिरवायचा आणि कोड दाबायचा. मग ऑफिसात बसल्यासारखा आतला कुठलाही फोन लावता यायचा, दाराचं विजेचं कुलूपसुद्धा उघडता यायचं. कोड विसरला तर कविता मदत करायची, पण फोन नोंदवलेल्या नंबरवरून आला तरच.

लोटूचा नंबर नोंदवलेला नव्हता. बमरोलीतल्या साड्यांना टिकल्या लावणाऱ्या त्या कारखान्याचा कोडही त्याला ठाऊक नव्हता.

"मालकाला सांगा ना मग," कविता वैतागून म्हणाली.

"त्याले नका सांगू बाई."

तिथंच तिला संशय आला. मागच्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या छायाला असाच फोन आला होता. म्हातारा बाप आत कोंडला गेलाय म्हणे. छायानं दया येऊन दार उघडलं. गोदाम रिकामं झालं आणि छायाची नोकरी गेली.

कवितानं सरळ मालकाला फोन लावला. तो सौराष्ट्रात गावी होता. मागून पोरांचा गलका ऐकू येत होता. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. लोटूला तो ओळखत होता. बायको सोडून गेल्यापासून त्याचं डोकं फिरलंय, रोज कारखान्याच्या दाराशी येऊन बसतो, असं त्यानं सांगितलं. कारखाना दिवाळीच्या सुट्टीसाठी लाभपाचमपर्यंत बंद होता, आत चिटपाखरू नव्हतं. पोलिसांचं लफडं नको, बिचारा गरीब आहे, आल्यावर मीच बघतो, असंही म्हणाला. कविताला सावधपणाबद्दल शाबासकी द्यायला तो विसरला नाही.

सातवा फोन आला तेव्हा तिचा आवाज चढला.

"आता परत फोन केलात तर पोलिसांना कळवीन."



"कळवा बाई," लोटू म्हणाला. "मी चौकीवर दोनदा जाई उनू. मन्हं कोनी ऐकत नही. तुमचं ऐकतील."

तिनं फोन ठेवला. सुपरवायझर धर्मेंद्रभाईंनी विषय संपवायला सांगितलं होतं. चहा आणला, तो तसाच निवला. चोर कधी पोलिसांना बोलवा म्हणतो का?

दुरुस्तीसाठी तिच्याकडे कंपनीचा स्वतःचा कोड होता. तो वापरायला तिला परवानगी लागायची. धर्मेंद्रभाई जेवायला गेल्यावर तिनं कारखान्याचा नंबर फिरवला, कोड दाबला आणि कामाच्या हॉलमधला फोन लावला. हॉलमधल्या फोनला स्पीकर होता. तो कुणी न उचलता आपोआप चालू व्हायचा, पण त्यावरून बाहेर फोन लावता यायचा नाही.

टक्‌ असा आवाज झाला. पुढे नुसती शांतता. मालक खरंच बोलत होता तर. तरीही तिनं विचारलं,

"आत कोणी आहे का?"

काहीतरी सरकल्याचा आवाज आला. एक बाई खोकली, मग दुसरी, मग आणखी कितीतरी. शेवटी एकीचा बारीक आवाज स्पीकरजवळ आला.

"ताई, दिवाळी व्हई गई का?"