खिडकीतले महाराज

छोट्याशा जर्मन संस्थानाचे राजे एगिनहार्ड ऐन ऑगस्टच्या उकाड्यात वारले. वारस व्हिएन्नाला होता आणि तो पोहोचण्याआधी बातमी फुटली, तर संस्थान गिळायला शेजारी टपलेलेच होते. म्हणून दिवाण क्वास्ट यांनी राजांच्या तोंडवळ्याचा हुजऱ्या गॉटलोब निवडला आणि त्याला राजांचा कोट नि केसांचा टोप चढवला. रोज दुपारी बाराला राजे खिडकीत येऊन लोकांना हात करत, तसा आता तो करू लागला.

"वारस आले की मी घरी जाऊ ना, दिवाणसाहेब?"

"अरे, राजा झालास आणि घर कसलं आठवतंय तुला?"

सहाव्या दिवशी वारसाची बग्गी आली. गॉटलोब घाईघाईने टोप काढू लागला.

"राहू दे," दिवाण म्हणाले. "आता मृत्यू जाहीर करायचा. शवपेटी तीन दिवस उघडी ठेवायची आणि प्रजेने चेहरा पाहायचा, हा आपला रिवाज. तळघरातला राजांचा देह तर आता ओळखूही येत नाही."

"मग पेटीत ठेवणार कुणाला?"

राजवैद्य आत आले आणि त्यांनी दाराला कडी घातली.

दिवाणांनी त्याचा टोप हलकेच सरळ केला. "काल दुपारी लोकांनी ज्यांना खिडकीत पाहिलं, त्यांनाच."