बिनपडद्याचा कॅमेरा

दुकानदाराने काचेवर तिसरा कॅमेरा ठेवला, तेव्हा केदारनाथने तो उलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यात मागं पडदा नसलेला न्हाई का?"

पडदा मोठा हवा म्हणणारी गिऱ्हाइकं बीडच्या त्या दुकानदाराने पुष्कळ पाहिली होती. पडदाच नको म्हणणारं हे पहिलं. त्याने समजावून सांगितलं, की डिजिटलमध्ये खरी मजा पडद्याचीच. काढला की लगेच बघायचा. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत नवरदेव कोणता आणि घोडा कोणता हे विचारावं लागायचं. आता पाच मेगापिक्सेल आलेत. बोलता बोलता त्याने समोरच्या चहाच्या गाड्याचा फोटो काढला आणि बटण दाबून मोठा केला. आणखी मोठा केला. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख दिसली. पुड्याची मुदत संपलेली होती.

"हेच तर," केदारनाथ म्हणाला. "लईच दिसतंय."

केदारनाथचा सिरसाळ्यात फोटो स्टुडिओ होता. लग्नात तो धंद्यातल्या इतरांसारखाच खाली फ्लॅश मारायचा. म्हणजे रोल वाया जाऊ नये म्हणून नवरीच्या मावसभावाच्या मित्रांवर नुसता उजेड पाडायचा. मित्र खूश, रोल शिल्लक. यात त्याला पाप वाटत नव्हतं. पाप एकच वाटायचं. मोहनरावांवरही त्याने कायम खालीच फ्लॅश मारला होता. पहिल्यांदा रोल संपला म्हणून, पुढे ते फोटो मागत नाहीत म्हणून.

मोहनराव म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. कुणाचंही लग्न असो, अक्षतांना हजर. नवरदेवाच्या हातात आहेराचं पाकीट द्यायचे, ते तसंच धरून कॅमेऱ्याकडे बघायचे आणि फ्लॅश पडला की निघायचे. पाकिटावर नाव घालायचे नाहीत. देणाऱ्यानं नाव घालू नये, म्हणायचे. आणि प्रत्येक लग्नघरी आवर्जून सांगायचे, की फोटोला केदारच पाहिजे. अशा माणसाला आपण नुसता उजेड दिला, हे केदारनाथला जेवताना आठवायचं. तरी तो जेवायचा.

आता लोक विचारू लागले होते, तुमच्यात लगेच दिसतं का. नाही म्हटलं तर लग्नं जाणार. हो म्हटलं, तर एक दिवस मोहनराव पडद्यात डोकावणार आणि म्हणणार, छान आलाय, मागचेही दाखव. मग मोहनरावांचा शब्द जाणार, आणि त्या शब्दावरच तर स्टुडिओ चालत होता.

खरं तर कॅमेऱ्यासाठी बीडला यायचंही कारण नव्हतं. धारूरला त्याच्या सख्ख्या मामाचं, त्रिंबकमामाचं, घड्याळं-कॅमेऱ्यांचं दुकान होतं. पण त्या दुकानाची पायरी त्याच्या बायकोने, नीलाबाईने, बंद केली होती. त्यांच्या लग्नात बिननावाची दोन पाकिटं निघाली होती. एक चांगलं भरलेलं, एक रिकामं. नाव न घालणारी माणसंही दोनच. मोहनराव मोठेपणामुळे, मामा विसरभोळेपणामुळे. कोणतं कुणाचं हे ठरवायला पंचायत बसवावी लागली नाही. मामा चिक्कू म्हणून आधीच प्रसिद्ध होते.

"म्या पाकिटात घातलतं की गं," मामा काकुळतीला येऊन म्हणाले होते.

"घातलं आसंल," नीलाबाई म्हणाली होती. "हवा."

तेव्हापासून मामांशी बोलणं बंद होतं.

शेवटी केदारनाथने सगळ्यात लहान पडद्याचा कॅमेरा घेतला. दुकानदाराने त्याला मोठं करायचं बटण दाखवलं, पुसायचं दाखवलं आणि बंद करायचं दाखवलं. परतीच्या एसटीत केदारनाथने ठरवून टाकलं, की मोहनरावांचा एक खरा फोटो काढायचा आणि सगळं कबूल करायचं.

नव्या कॅमेऱ्याचं पहिलं लग्न तेलगावला होतं. मोहनराव आले, पाकीट पुढे केलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. उजेड पडला, आणि या वेळी आत काहीतरी उरलंही. वऱ्हाड पडद्याभोवती जमलं. पडदा काडेपेटीएवढा होता, तरी सगळ्यांना फोटो आवडला.

मोहनराव त्या दिवशी लगेच निघाले नाहीत. केदारनाथच्या खांद्यावर हात टाकून ते त्याला मांडवामागे घेऊन गेले. तिथे बुंदी पाडायचं काम चाललं होतं.

"अण्णा, चुकलो," केदारनाथने सुरुवात केली आणि एका दमात सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी एकदाही कॅमेऱ्यात रोल नव्हता.

"माहीत हाय की," मोहनराव शांतपणे म्हणाले. "फोटोवाले काय कमी हायेत का तालुक्यात? मी तुझंच नाव कावून सांगायचो?"

केदारनाथला भरून आलं. एवढं मोठं मन त्याने पाहिलं नव्हतं. निदान आजचा फोटो तरी त्यांना नीट दाखवावा म्हणून त्याने बटण दाबलं. फोटो मोठा झाला. आणखी मोठा झाला. पाकिटावर चिकटवलेल्या रुपयावरचं साल वाचता येऊ लागलं. पाकिटाचं तोंड उघडं होतं आणि नेमकं कॅमेऱ्याकडे होतं. आतला तळ अगदी कोपऱ्यापर्यंत स्वच्छ दिसत होता.

दोघंही पडद्याकडे बघत राहिले. कढईवर झारा वाजत होता.

"लईच दिसतंय ह्यात," मोहनराव म्हणाले. "पुसता येतं न्हवं?"

"येतं."

"मग पूस. आन् माझ्यापुरता जुनाच आणत जा."

केदारनाथने बंद करायचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. मोहनरावांचं समाधान झालं.

संध्याकाळी तेलगावच्या चौकात सिरसाळ्याची जीप भरायला एकच माणूस कमी होता आणि ड्रायव्हर केदारनाथला हाका मारत होता. केदारनाथने अर्धा किलो पेढे बांधून घेतले, कॅमेरा गळ्यात नीट अडकवला आणि धारूरच्या जीपमध्ये जाऊन बसला.